हजेरीचं गाणं

माझं नाव केरू आहे हे मी आज कुणालाही बिनदिक्कत सांगतो, पण एकोणिसाव्या वर्षी कुणी चारचौघांत तशी हाक मारली असती तर मी त्याची गचांडी धरली असती. केर म्हणजे झाडून काढलेला कचरा. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून माणूस जन्मभर धडपडतो. माझ्या बाबतीत ते काम घरच्यांनीच बाराव्या दिवशी उरकून टाकलं होतं. शाळेत कुणी वर्ग झाडायला घेतला की पोरं ओरडायची, ‘अरे, केरूला भरा रे सुपलीत!’ त्यात माझ्या उजव्या नाकपुडीला लहानपणी टोचल्याची खूण. मुलाचं नाक कोण टोचतं? आईला विचारलं की ती म्हणायची, ‘तवा टोचायचे,’ आणि काहीतरी काम काढून उठून जायची. मीही पुढे विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं, मला ते नावच नको होतं.

बारावीनंतर राहुरीहून नगरला कॉलेजात जायला लागलो आणि पहिल्याच दिवशी मी ‘करण’ झालो. हजेरी नंबरावर व्हायची, म्हणून निभावलं. तेजस आणि सोनल हे माझे तिथले दोन जिवाभावाचे मित्र. तेजस सावेडीचा, बापाचं हार्डवेअरचं दुकान, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. सोनल कमी बोलायची, पण बोलली की आमची तोंडं बंद. दोघांनाही मी दोन वर्षं करण म्हणूनच माहीत होतो. घरी मात्र त्यांना कधी नेलं नाही. ‘आमच्याकडे बस वेळेवर नसते,’ असं सांगायचो. नगर-मनमाड रस्त्यावर बस नसते म्हणणारा मी पहिलाच असेन.

घरात आम्ही तिघं. नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. हंगामात त्यांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची, त्यामुळे घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं आणि आम्ही हळू आवाजात बोलायचो. बाहेर मात्र उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जायचे, त्यांच्यावरचे कर्णे अशी गाणी ओकायचे की मांडणीतली भांडी थरथरायची. आईची भाकरी थापायची एक लय होती, तेवढ्या गोंगाटातही ती मला ऐकू यायची. शेजारी हिराआजी राहायची. मी दिसलो की बोळक्या तोंडानं हसायची, ‘ए, तू त्यांचा न्हाईस बरं का. तू माझा इकतचा हाईस. मूठभर जवारीला घेतलाय तुला.’ मला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. तिच्या पाया पडल्याशिवाय परीक्षेला जाऊ द्यायचे नाहीत, त्याचाही मला वैताग यायचा.

मागच्या अंगणातली एक खोली आम्ही कृषी विद्यापीठातल्या मुलांना भाड्यानं द्यायचो. त्यात निनाद दोन वर्षं राहिला. पुण्याचा, उंच, केस मानेपर्यंत, आणि अभ्यासापेक्षा गिटारच जास्त. पहिल्या आठवड्यात आईनं विचारलं, ‘ह्ये लाकूड काय करतं रं?’ आणि त्यानं वाजवून दाखवलं तर म्हणाली, ‘बरं हाय की. पन नाना झोपल्यावर न्हाई.’ त्याला तिनं शेंगोळी खायला शिकवली. हुलग्याची, लसूण ठेचून घातलेली, झणझणीत. नाकातून पाणी गळेपर्यंत खायचा आणि पुन्हा वाटी पुढे करायचा. संध्याकाळी आई भांडी घासायला मागे बसली की हा पायरीवर बसून तिच्याशी बोलायचा. आई, जी माझ्याशी दिवसात चार वाक्यं बोलायची, ती त्याच्याशी तासभर बोलायची! मी आलो की दोघं गप्प. मी सरळ सांगतो, मला त्याचा मत्सर वाटायचा. माझ्याबद्दलच काहीतरी बोलत असणार अशी खात्री होती, आणि मी चिडून भांड्यांवरून पाय टाकून निघून जायचो.

निनाद शिकून गेला. त्याच उन्हाळ्यात मी घरात जाहीर केलं की मी नाव बदलतोय, कायदेशीर, राजपत्रात छापून. अर्ज भरून ठेवला होता, सोमवारी द्यायचा होता. नाना म्हणाले, ‘बदल की. नोकरीला बरं पडंल.’ आई मात्र काहीच बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताट पुढे सरकवायची आणि पाठ फिरवायची. मला वाटलं, रुसली. ठेवलेलं नाव टाकलं म्हणून अपमान वाटला असेल. मी म्हटलं, वाटू दे. दोन दिवसांत विसरेल. आज माझी लेक माझ्याशी असं वागते तेव्हा मी घर डोक्यावर घेतो, आणि मग आईची ती पाठ आठवून गप्प बसतो.

त्याच शनिवारी निनादच्या बॅंडचा कार्यक्रम नगरला होता. त्यानं मला तीन पास पाठवले आणि सोबत निरोप, ‘नक्की ये. एक गाणं तुझ्यासाठी आहे.’ मी तेजस आणि सोनलसमोर मिरवून घेतलं. बॅंडचा गायक आपला दोस्त आहे, हे काय साधं होतं? निनादला मी आधीच बजावून ठेवलेलं, मित्रांसमोर करण म्हणायचं. तो ‘हो’ म्हणाला होता.

कार्यक्रम मनमाड रस्त्यावरच्या एका लॉनवर होता, जिथे एरवी लग्नं लागतात. स्टेजच्या मागे आदल्या दिवशीच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच होती, ‘चि. सौ. कां.’ एवढीच, पुढचं नाव काढून नेलेलं. ड्रमवाला बरोबर त्या अक्षरांखाली. नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या बाजूला सरकवून त्यावर वायरींची भेंडोळी ठेवलेली. लॉनचा आचारी कागदी पेल्यातून मठ्ठा विकत होता. मी अशा कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलो होतो. मला वाटलेलं, खुर्च्या असतील, निवेदक असेल, दीपप्रज्वलन होईल. कसलं काय! दिवे एकदम गेले आणि असा दणका बसला की माझ्या हातातला मठ्ठा शर्टावर. आवाज कानात नाही, बरगड्यांत शिरला. पुढची पोरं उड्या मारायला लागली, एकमेकांवर आदळायला लागली, मला वाटलं भांडण लागलं. मी सोनलला मागे ओढलं तर ती हसतेय. ‘अरे करण, नाचतायत ती!’ आणि स्टेजवर निनाद, ज्याला मी दोन वर्षं शेंगोळी ओरपताना पाहिलं होतं, तो डोळे मिटून असा किंचाळत होता की मी तोंडाचा आ वासून नुसता उभा राहिलो. हा आमच्या मागच्या खोलीत राहायचा? नाना झोपले की चवड्यावर चालायचा तो हाच?

तासाभरात मी सैल झालो. उड्यासुद्धा मारल्या, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा आपण आवाज करतोय आणि कुणी ‘हळू’ म्हणत नाहीये, याची एक वेगळीच नशा होती. शर्ट घामानं आणि मठ्ठ्यानं चिकटलेला, तेजस माझ्या खांद्यावर रेलून बेसूर ओरडतोय. तेवढ्यात निनादनं हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

‘हे गाणं हजेरीचं आहे,’ तो म्हणाला. ‘राहुरीच्या एका काकूंनी मला दिलेलं. तुम्ही पण म्हणायचंय. मी नाव घेईन. पहिल्या दोन नावांना म्हणायचं, गैरहजर. तिसऱ्याला म्हणायचं, हजर. जोरात. शाळेत म्हणायचात तसं नाही, जोरात!’

लोक हसले. तेजसनं मला ढोसलं, ‘तुझ्या गावच्या काकू रे!’ मीही हसलो. गिटार हळू वाजायला लागली आणि निनाद जवळजवळ बोलल्यासारखा गायला लागला:

पहिलीला नाव हौसेचं, सव्वा महिना पाळण्यात,
दुसऱ्याला नाव जिंकायचं, दीड वर्ष अंगणात,
तिसरा घातला सुपात आणि नेला उकिरड्यात,
मूठभर ज्वारी दिली कुणी, आला मागल्या दारात.

‘मूठभर ज्वारी’ ऐकलं आणि माझं हसू थांबलं. बाकीचं काही कळायच्या आत निनादनं माइक गर्दीकडे केला. ‘मोहिनी?’

‘गैरहजर!’ सगळं लॉन ओरडलं.

‘विजय?’

‘गैरहजर!’

‘केरू?’

‘हजर!’ तेजस माझ्या कानाशी एवढ्या जोरात ओरडला की कानठळ्या बसल्या. सोनलसुद्धा ओरडली. हजार-दीड हजार पोरं-पोरी माझं नाव घेऊन हात वर करत होती, ते नाव जे मी दोन वर्षं लपवून ठेवलं होतं. पण गंमत अशी की त्या क्षणी मला माझ्या नावाची लाज वाटली नाही. माझ्या डोक्यात ती पहिली दोन नावं अडकून बसली होती. मोहिनी. विजय. कोण ही? मी बोटानं नाकपुडीवरची खूण चाचपली. मोजायला बोटं पुरली असती. पहिली, दुसरा, तिसरा. तिसरा मी. पुन्हा कडवं आलं, पुन्हा हजेरी झाली, पुन्हा सगळे आनंदानं ओरडले, ‘गैरहजर!’ ते माझ्या भावंडांना ओरडत होते. मला भावंडं होती, हे मला एका लग्नाच्या लॉनवर, शर्टावर मठ्ठा सांडलेला असताना, दीड हजार लोकांसोबत कळत होतं. मी गवतावर बसकण मारली. सोनल खाली वाकली, ‘चक्कर आली का?’

गाणी संपल्यावर मी स्टेजमागे गेलो. निनाद टेम्पोत ड्रम चढवत होता. मला पाहून हात पसरून पुढे आला, ‘आवडलं?’ मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. मी तापट आहे, अजूनही आहे, पण माणसावर हात उचलला तो तेवढा एकदाच. आवाज असा आला की टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा खाली उतरला.

‘केरू...’ निनाद गाल धरून म्हणाला, ‘अरे, तुला आवडेल म्हणून...’

‘कोण मोहिनी? कोण विजय?’

त्याचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. ‘तुला माहीत नव्हतं?’ तो म्हणाला. ‘तुला खरंच माहीत नव्हतं? मी काकूंना एवढंच विचारलं होतं की केरू नाव का ठेवलं. त्यांनी सगळं सांगितलं. मला वाटलं, तुला तर माहीत असणारच. घरातल्या माणसाला माहीत नसेल असं कसं डोक्यात येईल रे?’

‘आईला विचारलंस, गाणं करू का म्हणून?’

तो मान खाली घालून उभा राहिला. नाही विचारलं, हे त्याला सांगावं लागलं नाही. पण मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. ह्यानं विचारलं होतं, का ठेवलं. एकोणीस वर्षं मी नुसतं म्हणत होतो, का ठेवलंत, आणि त्यात प्रश्न नव्हता, नुसता आरोप होता.

तेजस आणि सोनल माझ्या मागेच उभे होते. ‘केरू?’ सोनल हळूच म्हणाली. मी मान हलवली. तेजस म्हणाला, ‘मी आता तुला काय म्हणू?’ मी म्हटलं, ‘म्हण काय म्हणायचं ते.’ त्यानं मला आपल्या घरी नेलं, अंथरूण घालून दिलं आणि एक शब्दही विचारला नाही. त्याबद्दल मी त्याचा अजून ऋणी आहे.

सकाळच्या पहिल्या बसनं राहुरीला आलो. वाटेत मी आईला काय काय सुनवायचं ते सगळं जुळवत होतो. परक्या पोराला सांगतेस आणि पोटच्या पोराला नाही? नाना पाळीवर गेलेले. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती. मी चपला न काढताच दारात उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मोहिनी कोण?’

परातीतला हात थांबला. ‘हळू बोल,’ ती म्हणाली, आणि उठून आधी मागचं दार लावून घेतलं. ‘कोनी सांगितलं तुला?’

मी सांगितलं. निनाद, गाणं, गर्दी, सगळं. ती चिडेल, रडेल, निनादला शिव्या देईल, अशी माझी कल्पना. तिनं यातलं काही केलं नाही. पिठाचा हात माझ्या कपाळाला लावला. मग गळ्याला. ‘ताप हाय का? मळमळतंय का? खरं सांग, रात्री काई दिसलं का?’

‘मला काय होणार?’ मी खेकसलो. ‘मी तुला काय विचारतोय आणि तू ताप काय बघतेस?’

ती खाली बसली. ‘मोहिनी सव्वा महिन्याची गेली,’ ती म्हणाली, अगदी हळू. ‘विजू मोठा हुता. चालायचा. हाक मारली की ओ द्यायचा. दिसाला दहादा मारायची मी, नुसतं त्येचं ओ ऐकायला. मग त्यो पन गेला. तू झालास तवा तुझ्या आजीनं तुला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठिवलं, हिराआजीनं उचलला, मूठभर जवारी टाकून इकत घेतला. म्हंजी तू आमचा न्हाईस, केरातला हाईस. नाक पन त्येच्यासाठीच टोचलं. मग तुझ्याकडं कोन कशाला बगंल? आन् आजीनं मला शपत घातली, ह्येच्या म्होरं त्या दोघांची नावं काढायची न्हाईत. नाव काढलं की ती वळून बगत्यात. ह्येला खेळाया बोलावत्यात.’

‘मग निनादला कशी सांगितलीस?’

‘त्यो परका,’ ती म्हणाली, अगदी सरळपणे. ‘त्येच्यापाशी बोललेलं तुला लागत न्हाई. इतकी वर्सं कुनापाशी बोलले न्हवते रं. त्यानं इचारलं आन् माझं तोंड बंदच हुईना. तू आलास की मी गप बसायची. आन् परवा तू म्हनलास, नाव बदलतो. केरू हाय तवर कुनाचं ध्यान न्हाई तुझ्याकडं. करन झालास की?’ तिनं पदर तोंडात धरला.

म्हणजे दोन दिवस ती रुसली नव्हती. भ्यायली होती. माझ्या जिवाला भ्यायली होती, आणि तेही मला सांगायची तिला चोरी होती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तो अर्ज मी दिला नाही. यावर हसणारे भेटतात, शिकला-सवरला असून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतोस का म्हणून. माझा नाही विश्वास. पण ज्या बाईनं एकोणीस वर्षं दोन पोरांची नावं गिळून मला वाढवलं, तिच्यापुढे माझा विश्वास काय कामाचा?

तव्यावरची भाकरी करपून धूर झाला. आईनं ती काढली, गॅस बंद केला आणि परत खाली बसली.

‘किती मानसं हुती म्हनलास?’

‘हजार-दीड हजार.’

‘आन् समद्यांनी नावं घेतली? मोठ्यानं?’

‘मोठ्यानं. स्पीकरवर.’

‘तुझ्यासमोर?’

‘माझ्या कानाशी, आई.’

तिनं मला पुन्हा एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माझे लाल डोळे, मळका शर्ट, पायातल्या चपला. ‘आन् तुला काई झालं न्हाई,’ ती म्हणाली. ती मला विचारत नव्हती, स्वतःलाच सांगत होती.

मग ती उठली. मागचं दार उघडून अंगणात गेली, भिंतीपाशी उभी राहिली, आणि ज्या घरात आम्ही कायम हळू बोलायचो त्या घराच्या अंगणातून तिनं हाक मारली. ‘मोहेऽऽ! ए विजूऽऽ!’ आवाज फाटला, तिनं घसा खाकरला आणि पुन्हा मारली. मी दारात येऊन उभा राहिलो. त्या हाकेत रडणं नव्हतं. जेवायची वेळ झाली आणि पोरं अजून बाहेरच उंडारतायत म्हटल्यावर कुठलीही बाई मारते तशी ती हाक होती. तिसऱ्यांदा मारली तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या घरातली नवी सून डोकावली. तिला बिचारीला काय माहीत.

‘कुनाला हाका मारता वं, मावशी?’

आईनं पदरानं तोंड पुसलं.

‘माझ्या पोरांना,’ ती म्हणाली.